पटावरच्या दाण्यांची संख्या आणि तिचे सात अवयव

बुद्धिबळाच्या पटाची गोष्ट तुम्ही ऐकलेली असेलच. खेळ शोधून काढणाऱ्यावर राजा खूष झाला आणि म्हणाला, "हवे ते माग." त्याने मागितले ते असे : पटाच्या पहिल्या घरात धान्याचा एक दाणा, दुसऱ्या घरात दोन, तिसऱ्यात चार, चौथ्यात आठ, याप्रमाणे दर घरात दुप्पट करीत चौसष्टाव्या घरापर्यंत जितके दाणे होतील तितके द्यावेत. राजाला हसू आले. पण हिशेब झाला तेव्हा राज्यातली सारी कोठारे रिती करूनही मागणी पुरी होण्यासारखी नव्हती.

गोष्ट बहुधा येथेच संपते. शिक्षक फळ्यावर वीस अंकी संख्या लिहितात, वर्गातून "बाप रे!" असा आवाज उठतो आणि संख्या पुसली जाते. या लेखात ती पुसायची नाही. ती तशीच समोर ठेवून तिला आतून न्याहाळायचे आहे. ती संख्या अशी :

१,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५

एवढी मोठी संख्या कोणत्या मूळ संख्यांच्या गुणाकाराने झाली आहे, हे कागद-पेन्सिल घेऊन शोधता येईल काय? प्रश्न अवघड वाटतो. उत्तर मात्र नववी-दहावीच्या गणितात मावते. त्या वाटेवर एका थोर गणितज्ञाचा फसलेला अंदाजही आपल्याला भेटणार आहे.

संख्या मिळवायची कशी?

चौसष्ट घरांतले दाणे एकेक करून मिळवीत बसण्याची गरज नाही. एक युक्ती करू. शेजाऱ्याकडून एक दाणा उसना आणू आणि तो पहिल्या घरातल्या दाण्याजवळ ठेवू. झाले दोन. दुसऱ्या घरातही दोनच आहेत. ते मिळवले की चार. तिसऱ्या घरातले चार मिळवले की आठ. चौथ्या घरातले आठ मिळवले की सोळा. प्रत्येक घरागणिक ढीग दुप्पट होत जातो आणि चौसष्टावे घर संपल्यावर २ चा ६४ वा घात हाती येतो. आता उसना दाणा परत करू. म्हणजे एकूण दाणे = २ चा ६४ वा घात उणे १.

२ चा ६४ वा घात काढण्यासाठी त्रेसष्ट वेळा दुप्पट करावी लागेल, असे वाटते. पण संख्येचा वर्ग केला की घातांक दुप्पट होतो. म्हणून सहा वेळा वर्ग केला की काम भागते :

२ × २ = ४ (२ रा घात)
४ × ४ = १६ (४ था घात)
१६ × १६ = २५६ (८ वा घात)
२५६ × २५६ = ६५,५३६ (१६ वा घात)
६५,५३६ × ६५,५३६ = ४,२९,४९,६७,२९६ (३२ वा घात)
४,२९,४९,६७,२९६ × ४,२९,४९,६७,२९६ = १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१६ (६४ वा घात)

शेवटचा गुणाकार थोडा लांब आहे. पण एका पानावर तो सहज होतो. यातून १ वजा केला की आपली संख्या मिळाली. अल्-बिरुनी या विद्वानाने इसवी सन १००० च्या सुमारास पटावरच्या दाण्यांचा हिशेब केला, तोही असाच वर्गावर वर्ग करीत.

घातांक ६४ होता म्हणून नुसते वर्ग करून भागले. तो ३० असता तर? त्याचा नियम भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त (इ. स. ११५०) दिलेला आहे. घातांक सम असेल तर तो निम्मा करावा आणि 'वर्ग' असे लिहावे. विषम असेल तर त्यातून एक वजा करून 'गुण' असे लिहावे. शून्य येईपर्यंत असे करीत जावे आणि मग खालून वर उलट चालत यावे. ३० साठी क्रम येतो तो असा : १५ (वर्ग), १४ (गुण), ७ (वर्ग), ६ (गुण), ३ (वर्ग), २ (गुण), १ (वर्ग), ० (गुण). उलट चालताना २, ४, ८, ६४, १२८, १६,३८४, ३२,७६८ आणि शेवटी १,०७,३७,४१,८२४ मिळतात. तीस पायऱ्यांऐवजी आठ पायऱ्या झाल्या. याला जोडूनच भास्कराचार्यांनी एक उदाहरण घातले आहे : पहिल्या दिवशी दोन कवड्या, मग रोज दुप्पट, असे दान महिनाभर दिले तर एकूण किती? तीस दिवसांच्या त्या दानाच्या २,१४,७४,८३,६४६ कवड्या होतात. पटाच्या गोष्टीचे हे भावंडच म्हणायचे. आज संगणकात मोठे घात काढतात तेही याच तत्त्वावर.

संख्या केवढी?

अवयवांकडे वळण्यापूर्वी या संख्येच्या आकाराची कल्पना करून घेऊ. 'लीलावती'तली स्थानांची नावे एक, दहा, शतापासून सुरू होऊन कोटी, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य अशी चढत जाऊन परार्धापाशी थांबतात. परार्ध म्हणजे एकावर सतरा शून्ये. आपली संख्या १८४ परार्धांच्याही पुढे जाते.

दाणे तांदळाचे घेऊ आणि हजार दाण्यांचे वजन २० ग्रॅम धरू. म्हणजे एका किलोत ५०,००० दाणे. मग पटावरच्या तांदळाचे वजन सुमारे ३६,८९३ कोटी टन होते. २०२३-२४ या वर्षात भारतात सुमारे १३.८ कोटी टन तांदूळ पिकला. त्या दराने पिकवीत राहिलो तर राजाचे देणे फिटायला अडीच हजारांहून अधिक वर्षे लागतील, तीही एक दाणा न खाता!

हीच संख्या आणखी एका ठिकाणी येते. फ्रेंच गणितज्ञ एद्वार ल्युका याने १८८३ मध्ये तीन खुंट्या आणि चकत्यांचे एक खेळणे काढले. लहान चकतीवर मोठी चकती कधी ठेवायची नाही आणि एका वेळी एकच चकती हलवायची, या नियमाने सारी चळत दुसऱ्या खुंटीवर न्यायची. या खेळण्याबरोबर काशीच्या देवळातल्या चौसष्ट सोन्याच्या चकत्यांची कल्पित कथाही पसरली. चौसष्ट चकत्या हलवायला कमीत कमी जितक्या खेळी लागतात ती नेमकी आपलीच संख्या. सेकंदाला एक खेळी केली, तरी सुमारे ५८,४०० कोटी वर्षे लागतील. विश्वाचे वय सुमारे १,३८० कोटी वर्षे मानतात, हे लक्षात घ्या.

फोड करू या

आता मुख्य प्रश्न. शेवटचा अंक ५ आहे, म्हणजे ५ ने निःशेष भाग जातो. अंकांची बेरीज ८७ आहे. ८७ ला ३ ने भाग जातो, ९ ने जात नाही. म्हणजे ३ हा अवयव आहे, पण एकदाच. पुढे काय? ७, ११, १३ अशा मूळ संख्या ओळीने घेऊन भागत बसलो, तर कधी थांबणार ते सांगता येत नाही.

अशा वेळी संख्या कशी दिसते यापेक्षा ती कशी तयार झाली, हे पाहावे. आपली संख्या म्हणजे ४,२९,४९,६७,२९६ चा वर्ग उणे १. आणि १ हा स्वतःच १ चा वर्ग आहे! दोन वर्गांच्या वजाबाकीचे सूत्र तुम्हांला पाठ आहे :

अ वर्ग − ब वर्ग = (अ − ब) (अ + ब)

म्हणून आपली संख्या = ४,२९,४९,६७,२९५ × ४,२९,४९,६७,२९७.

वीस अंकी संख्येचे एका फटक्यात दोन तुकडे झाले. त्यातला पहिला तुकडा म्हणजे ६५,५३६ चा वर्ग उणे १. त्याचे ६५,५३५ × ६५,५३७ असे पुन्हा दोन तुकडे होतात. ६५,५३५ म्हणजे २५६ चा वर्ग उणे १, म्हणजेच २५५ × २५७. तसेच २५५ = १५ × १७ आणि १५ = ३ × ५. तेव्हा

आपली संख्या = ३ × ५ × १७ × २५७ × ६५,५३७ × ४,२९,४९,६७,२९७.

एकच सूत्र पाच वेळा वापरले आणि सहा अवयव मिळाले. हे अवयव नीट पाहा. ३ म्हणजे २ + १, ५ म्हणजे ४ + १, १७ म्हणजे १६ + १, पुढचेही तसेच. मघाशी वर्ग करीत मिळवलेल्या संख्यांत १ मिळवला की हे अवयव येतात.

काम संपले काय? या सहाही संख्या मूळ असतील तरच संपले. ३, ५, १७ मूळ आहेत. २५७ चे वर्गमूळ १६ हून किंचित अधिक आहे. म्हणून २, ३, ५, ७, ११ आणि १३ ने भागून पाहणे पुरे. एकानेही भाग जात नाही. २५७ मूळ आहे. ६५,५३७ हीसुद्धा मूळ आहे. ते कसे ओळखायचे, ते थोड्या वेळाने पाहू. उरली शेवटची दहा अंकी संख्या. इथेच गणिताच्या इतिहासातली एक मोठी ठेच आहे.

फर्माचा अंदाज

पिएर द फर्मा हा सतराव्या शतकातला फ्रेंच न्यायाधिकारी. गणित हा त्याचा फावल्या वेळचा छंद. पण त्या छंदातून संख्याशास्त्राची घडणच बदलली. १६४० मध्ये त्याने आपल्या मित्रांना पत्राने कळवले, की ३, ५, १७, २५७, ६५,५३७, ४,२९,४९,६७,२९७ आणि अशाच रीतीने बनणाऱ्या पुढच्या सर्व संख्या मूळ आहेत, अशी आपली खात्री झाली आहे. सिद्धता आपल्याजवळ नाही, हेही त्याने प्रामाणिकपणे लिहिले.

पहिल्या पाच संख्यांबाबत त्याचे म्हणणे अगदी बरोबर होते. पाचही मूळ. अशा वेळी सहावीही मूळच असणार, असे कोणालाही वाटेल. भात शिजला की नाही हे शितावरून ओळखतात, तसे पाच शिते तपासून झाली होती! पण गणितात शितावरून भाताची परीक्षा होत नाही. पाच उदाहरणे जमली म्हणजे सहावे जमेलच, याला आधार नसतो. पाच लाख जमली तरी नसतो. आधार असतो तो सिद्धतेचा.

जवळजवळ नव्वद वर्षे हा अंदाज तसाच राहिला. डिसेंबर १७२९ मध्ये गोल्डबाख या गणितज्ञाने लिओनार्ड ऑयलरला पत्र लिहून फर्माच्या या विधानाकडे त्याचे लक्ष वेधले. ऑयलर तेव्हा रशियात सेंट पीटर्सबर्ग येथे होता आणि वय होते अवघे बावीस. १७३२ मध्ये त्याने दाखवून दिले, की सहाव्या संख्येला ६४१ ने निःशेष भाग जातो :

४,२९,४९,६७,२९७ = ६४१ × ६७,००,४१७

भागाकार करून तुम्ही हे पडताळून पाहू शकता. पण भागाकार न करताही ते दिसते, आणि त्याला वापरायचे आहे तेच आपले ओळखीचे सूत्र.

६४१ ही संख्या दोन प्रकारे लिहिता येते. ६४१ = ६२५ + १६, म्हणजे ५ चा चौथा घात अधिक १६. आणि ६४१ = ६४० + १, यातले ६४० म्हणजे ५ × १२८. आता २ चा ३२ वा घात म्हणजे १६ गुणिले २ चा २८ वा घात. या १६ च्या जागी ६४१ − ६२५ लिहू. मग

२ चा ३२ वा घात = ६४१ × (२ चा २८ वा घात) − ६२५ × (२ चा २८ वा घात).

शेवटच्या पदाकडे पाहा. ६२५ हा ५ चा चौथा घात आणि २ चा २८ वा घात हा १२८ चा चौथा घात. दोहोंचा गुणाकार म्हणजे ६४० चा चौथा घात. दोन्ही बाजूंत १ मिळवू :

४,२९,४९,६७,२९७ = ६४१ × (२ चा २८ वा घात) − (६४० चा चौथा घात − १).

कंसातल्या पदाचे दोन वर्गांच्या वजाबाकीने अवयव पाडले, की ते (६४० + १) (६४० − १) (६४० वर्ग + १) असे होते. त्यात ६४१ आहे. म्हणजे उजव्या बाजूच्या दोन्ही पदांना ६४१ ने भाग जातो, म्हणून डाव्या बाजूलाही जातो. सिद्धता पुरी झाली.

६४१ सापडले कसे?

"हे ठीक आहे; पण ६४१ च का घ्यायचे, हे ऑयलरला कसे सुचले?" असे तुम्ही विचाराल. विचारायलाच हवे. ४,२९,४९,६७,२९७ चे वर्गमूळ ६५,५३६ हून किंचित अधिक आहे आणि तेवढ्यापर्यंत ६,५४२ मूळ संख्या आहेत. इतके भागाकार कोण करणार? ऑयलरने पुढे एका लेखात सिद्ध केले, की या संख्येचा कोणताही मूळ अवयव ६४ च्या पटीहून १ ने अधिक असलाच पाहिजे. ते का, हे पाहू.

आधी लहान उदाहरण घेऊ. २ च्या घातांना १७ ने भागून बाकी लिहू : २, ४, ८, १६, १५, १३, ९, १, आणि पुन्हा २, ४, ८... आठ बाक्यांचे चक्र फिरत राहते. मधली बाकी १६ आहे, म्हणजेच −१. तिचा वर्ग केला की १. म्हणून चक्र चारावर न संपता आठावर संपते. आता फर्माचाच एक सिद्धान्त असा, की म ही २ सोडून कोणतीही मूळ संख्या असली, तर २ च्या (म − १) व्या घाताला म ने भागल्यावर बाकी १ उरते. उदाहरणार्थ, म = ७ घेतले तर २ चा ६ वा घात ६४, आणि ६४ = ६३ + १. बाकी १ येते ती चक्र पुरे झाल्यावरच. म्हणून म − १ ला चक्राच्या लांबीने भाग जाणारच. १७ साठी म − १ = १६ आणि चक्र ८ चे; भाग जातो.

आता म हा ४,२९,४९,६७,२९७ चा मूळ अवयव आहे असे समजा. ही संख्या म्हणजे २ चा ३२ वा घात अधिक १. म्हणून २ च्या ३२ व्या घाताला म ने भागल्यास बाकी −१ उरेल आणि ६४ व्या घाताला भागल्यास १ उरेल. म्हणजे चक्राच्या लांबीने ६४ ला भाग जातो, पण ३२ ला जात नाही. अशी लांबी एकच : ६४. तेव्हा म − १ ही ६४ ची पट झाली पाहिजे.

आता शोध सोपा झाला. ६४ च्या पटीत १ मिळवून येणाऱ्या संख्या : ६५, १२९, १९३, २५७, ३२१, ३८५, ४४९, ५१३, ५७७, ६४१... त्यांतल्या मूळ संख्या १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१. भागून पाहिले तर बाक्या अनुक्रमे १०९, २, ३२५, २८८ आणि ० येतात. पाचव्याच भागाकाराला अवयव सापडला! २ पासून ओळीने सगळ्या मूळ संख्या घेत गेलो असतो, तर ६४१ चा क्रम ११६ वा लागला असता.

गंमत पाहा. फर्माचा अंदाज चुकीचा ठरला तो फर्माच्याच सिद्धान्ताच्या मदतीने. सिद्ध केलेले विधान टिकले आणि नुसता अंदाज गळून पडला.

मघाशी ६५,५३७ चे राहिले होते. त्यालाही हीच युक्ती लावू. ती २ चा १६ वा घात अधिक १ असल्यामुळे तिचा मूळ अवयव ३२ च्या पटीहून १ ने अधिक असणार. २५६ पर्यंत अशा संख्या ३३, ६५, ९७, १२९, १६१, १९३ आणि २२५. यांतल्या मूळ दोनच : ९७ आणि १९३. ९७ ने भागल्यास बाकी ६२, १९३ ने भागल्यास ११०. दोन भागाकारांत ६५,५३७ मूळ ठरली.

सात अवयव

६७,००,४१७ हीदेखील मूळ आहे (ते तुम्हीच शेवटी तपासा). म्हणजे आपल्या संख्येची पूर्ण फोड अशी :

३ × ५ × १७ × २५७ × ६४१ × ६५,५३७ × ६७,००,४१७

सात वेगवेगळ्या मूळ संख्या, प्रत्येक एकदाच. या संख्येचे विभाजक किती? प्रत्येक अवयव घ्यायचा किंवा सोडायचा, असे दोन पर्याय. सात अवयवांचे मिळून २ चा ७ वा घात, म्हणजे १२८ विभाजक, १ आणि ती स्वतः धरून. दुपटीतून जन्मलेल्या संख्येच्या विभाजकांची संख्याही दुपटीतलीच निघाली.

यांतल्या ३, ५, १७, २५७ आणि ६५,५३७ या पाचांचे भूमितीशीही नाते आहे. फक्त पट्टी आणि कंपास वापरून कोणत्या सुसम बहुभुजाकृती काढता येतात, हा ग्रीकांच्या काळापासूनचा प्रश्न. १७९६ मध्ये अठरा वर्षांच्या गाउसने सतरा बाजूंची सुसम बहुभुजाकृती अशी काढता येते हे दाखवले. पुढे त्याने आणि १८३७ मध्ये व्हांत्झेल याने हा प्रश्न पुरता सोडवला. बाजूंची संख्या विषम असेल, तर ती फर्माच्या रीतीने बनणाऱ्या एका मूळ संख्येइतकी किंवा अशा वेगवेगळ्या मूळ संख्यांच्या गुणाकाराइतकी असली पाहिजे. वरील पाच संख्यांपासून असे ३१ गुणाकार होतात आणि ते सगळे आपल्या संख्येचे विभाजक आहेत. त्यांतला सर्वांत मोठा ४,२९,४९,६७,२९५, म्हणजे पहिल्याच फोडीत मिळालेला डावा तुकडा!

शेजारची संख्या

जाता जाता आपल्या संख्येत २ मिळवून पाहू. येते १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१७, म्हणजे २ चा ६४ वा घात अधिक १. फर्माच्या मालिकेतली ही सातवी संख्या. तिचे अवयव १८८० मध्ये लांद्री नावाच्या फ्रेंच गृहस्थाने शोधले, तेव्हा त्याचे वय ८२ होते :

२,७४,१७७ × ६,७२,८०,४२,१३,१०,७२१

म्हणजे फर्माचा अंदाज येथेही फसला. पुढच्या सव्वीस संख्यांचीही तीच गत आहे. मालिकेतली सहाव्यापासून तेहेतिसाव्यापर्यंतची प्रत्येक संख्या संयुक्त असल्याचे आता सिद्ध झाले आहे. पहिल्या पाचांनंतर या मालिकेत सहावी मूळ संख्या आजवर कोणाला सापडलेली नाही.

पण या शेजारणीकडून एक सुंदर गोष्ट मिळते. आपली संख्या मालिकेतल्या पहिल्या सहा संख्यांचा गुणाकार आहे आणि सातवी तिच्याहून २ ने मोठी. म्हणून पहिल्या सहांपैकी कोणतीही संख्या आणि सातवी यांना सामाईक असा मूळ अवयव असेल, तर त्याने २ लाही भाग गेला पाहिजे. पण या सर्व संख्या विषम आहेत. तेव्हा सामाईक अवयव नाहीच. मालिकेत कितीही पुढे गेले तरी हाच युक्तिवाद चालतो. म्हणजे मालिकेतली प्रत्येक नवी संख्या आधी कधीच न आलेला मूळ अवयव घेऊन येते. मालिका अनंत आहे. म्हणून मूळ संख्याही अनंत आहेत! हा युक्तिवाद त्याच गोल्डबाखने ऑयलरला पत्राने कळवला होता.

फर्माला वाटले होते, की या संख्या सगळ्या मूळ आहेत. तसे निघाले नाही; पण त्यांतून मूळ संख्यांचा कधीही न आटणारा झरा मात्र मिळाला. राजाचे कोठार रिते झाले ते झालेच. गणिताच्या कोठारात त्या पटाने बरीच भर घातली.

करून पाहा

१. पटाला ३२ च घरे असती, तर एकूण दाणे किती झाले असते? त्या संख्येचे मूळ अवयव कोणते?

२. आपल्या संख्येला ७ ने भागल्यास बाकी किती उरेल? भागाकार न करता काढा. (सूचना : २ चा ३ रा घात ८, त्याला ७ ने भागल्यास बाकी १. ६४ = ६३ + १.)

३. अंकांच्या बेरजेवरून आपल्या संख्येला ९ ने भागल्यावरची बाकी काढा. मग २ च्या घातांचे ९ साठी चक्र लिहून तीच बाकी येते का, ते पाहा.

४. शेवटचे घर सोडून ६३ घरांतलेच दाणे घेतले, तर त्या संख्येला ७, ७३ आणि १२७ यांनी निःशेष भाग जातो हे दाखवा. (सूचना : ६३ = ७ × ९.)

५. ६७,००,४१७ मूळ आहे हे दाखवायला ६४१, ७६९, ११५३, १२१७, १४०९, १६०१ आणि २११३ एवढ्याच सात संख्यांनी भागून पाहणे पुरे आहे. का ते सांगा आणि भागाकार करा.

उत्तरे : १) ४,२९,४९,६७,२९५, ३, ५, १७, २५७ आणि ६५,५३७. २) १. ३) ६. चौथ्या आणि पाचव्या प्रश्नाचे उत्तर म्हणजे तुमची सिद्धताच. ती वहीत नीट मांडून वर्गात शिक्षकांना दाखवा.